चिंचेनं घासलेल्या पट्ट्या

न्हाई पावनं, पोरगं माजंच हाय, पर तुमची लेक विजयमाला द्यायच्या आधी इचार करा. मेढ्याहनं एवढा डोंगर उतरून कोरेगावला आलाय, तर खोटं कशापायी बोलू? सांगलीच्या कालिजात मास्तर हाय, ते खरं. पर शिकवून उरल्यावर काय करतोय ठावं हाय? तांब्याच्या पट्ट्या मोरचुदाच्या पान्यात बुडवतोय. बारकी बॅटरी लावायची आन बगत बसायचं — व्हय, नुसतं बसायचं. मग तांब्यावर लाल-तपकिरी थर चढतोय, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, आन त्याच्यावर उजेड पडला की मीटरचा काटा हलतोय. झालं. काटा हलला की आमचा अर्जुना खूश. आवं, आमच्या परसात तांब्या चार दिस न घासता ठिवला तर चढतोय की थर आपोआप — त्याला एम्मेस्सी कशाला लागतिया? मी एकाहत्तरची लढाई करून पेन्शनीत आलो, म्हनलं पोरगं पलटनीत जाईल, तर हे उजेड मोजत बसलंय. उजेड काय मोजायची वस्तू हाय व्हय?

हळू? हळू कशापायी — माजा आवाज परेडवरचा, त्यो काय आता बसतोय. आन ऐकनार कोन? मागं हंडा घासतिया ती आमची रंगू, अर्जुनाची आई. चिंच आन राख घिऊन बसली की तिला तोफबी ऐकू यायची न्हाई. घासायचं लय वेड. त्या वेडापायीच तर — आता तोंडातनं निघालंय तर ऐका. गेल्या साली पुन्याहनं मोठी मानसं येनार हुती अर्जुनाच्या पट्ट्या बगायला. पसंत पडल्या असत्या तर त्याला तिकडच्या प्रयोगशाळेत न्हेनार हुती. कालिजात धूळ लय, म्हनून त्यानं पट्ट्या खोलीवर आनून फडक्याखाली झाकून ठिवल्या. आन आदल्याच दिशी ही गेली सांगलीला, पुरनपोळ्या घिऊन. बगतिया तर तांबं काळवंडलेलं, आन पोराकडं तर मोठी मानसं येनार — बसली चिंच लावून. सगळ्या लखलखीत केल्या, देवापुढं वळीनं मांडल्या. पावसाळाभर खपून चढवलेला थर, चिंचेच्या एका गोळ्यानं गेला.

आन आमचा शहाना काय बोलला? "झ्याक झाल्या, आई." एवढंच. वर बसून पोळ्या खाल्ल्या. दुसऱ्या दिशी त्या मानसांना सांगितलं, माजीच रीत चुकली, थर बसलाच न्हाई. ती गेली आपल्या वाटेनं, हा ऱ्हायला सांगलीत. मला कसं कळलं? त्याच्या खोलीतल्या नानासोनं सांगितलं, एस्टी स्टँडवर. अर्जुनाला जाब इचारला तर माजं पाय धरलं — आईला कवा सांगू नका, ती परत माज्या कशालाबी हात लावायची न्हाई. आजपतुर मी सांगितलं न्हाई. आता तुमीच बोला, असला बुळा जावई — आईला चार शब्द सुनवायचं काळीज न्हाई, त्यो बायकोला काय धाक दावनार? मान कशाला डोलवताय? पसंत? आवं, मी इथं पोराला नावं ठिवतोय, आन तुमी —

थांबा जरा. हंड्याचा आवाज कवापासनं बंद हाय?

रंगू?

ए रंगू, हिकडं ये गं...

तुमी निघा आता, पावनं. सोयरिकीचं नंतर बगू.