जोडीदाराने भरलेली हवा

अहो भाऊ, अजून हवा कशाला मारताय? सोडा तो पंप — सोडा म्हणतो ना! टायर दगडासारखं टणक करून ठेवलंय आणि वर मलाच विचारताय, सापुताऱ्याच्या ओल्या चढावर चाक का घसरतं म्हणून. घसरणारच! हवा काढायची असते तिथे. टायर थोडं बसलं पाहिजे, पसरलं पाहिजे, दात्यांनी चिखल धरला पाहिजे — टणक टायर नुसतं वरच्या वर नाचतं. अगदी ढिलं पण नको हं, नाहीतर रिम दगडावर आपटेल आणि ट्यूब जाईल. अंगठ्याने दाबलं की जरासं आत गेलं, बस ने. आणि चढावर सीटवरून उठायचं नाही. उठला की मागचं वजन गेलं, चाक सुटलं. बसून, छाती खाली घालून, पाय एकसारखे फिरवायचे. आणि हे टायर तर बदलाच — डुमसच्या सपाट रोडला ठीक आहे, तिकडे घाटात सागाची ओली पानं पडलेली असतात. उंच दात्यांचं आहे माझ्याकडे, थांबा.

मला कसं माहीत? सुरतच्या माणसाला चढ कसा माहीत, हेच ना! बरोबर आहे, आमच्याकडे चढ म्हणजे ओव्हरब्रिज. त्याच्यावरच शिकलो — मी आणि गोपाल. गोपाल म्हणजे माझा मेहुणा, नूतनचा धाकटा भाऊ. दोघं उधन्याला एकाच खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, लूमवर होतो. सुट्टी मिळाली की सायकली घेऊन डांगच्या डोंगरात, सापुताऱ्याकडे. आणि आमची एक पद्धत होती बघा — आपली हवा आपण नाही भरायची, जोडीदाराने भरायची. का? कारण स्वतःच्या चाकाला माणूस घाबरतो. पंक्चर होईल, पंक्चर होईल करत दोन पंप जास्तच मारतो, तुम्ही आत्ता मारत होता तसे. म्हणून त्याची मी भरायचो, माझी तो. आणि दुसऱ्याने भरली की दाबून बघायचं नाही. दाबलं म्हणजे विश्वास नाही. मी कधी दाबलं नाही — आणि त्या दिवशीही नाही दाबलं, मूर्ख मी!

कुठला दिवस म्हणजे? रेसचा. डांगातच होती, दोन वर्षं झाली. पुण्याची एक टीम आली होती — जो पहिला येईल त्याला घेऊन जाणार, राहणं-खाणं-पगार सगळं, फक्त सायकल चालवायची. फक्त सायकल, भाऊ! लूमच्या खडखडाटात आयुष्य काढलेल्या माणसाला असं कुणी विचारतं का? वय तिशीच्या आत पाहिजे, आणि माझं शेवटचं वर्ष. पाऊस झोडपत होता. शेवटच्या चढापर्यंत मी पुढे होतो, आणि लाल माती आली तसं मागचं चाक जागच्या जागी गरगर फिरायला लागलं. आडवा झालो. उठलो, परत आडवा. तेव्हा दाबलं टायर — लोखंड! हवा सोडेस्तोवर सगळे पुढे. गोपाल बाजूने गेला. ‘दाजी, लागलं का?’ एवढंही नाही. मान खाली घालून गेला.

तो जिंकला? छे, कसला जिंकतोय! कितवा आला त्यालाच ठाऊक. तेच तर कळेना मला — स्वतः जिंकायचं नव्हतं तर माझा गळा का कापला? गेलो त्याच्या घरी, धरली कॉलर. मारणारच होतो. तेवढ्यात त्याची बायको जयश्री मध्ये पडली — ‘दाजी, त्यांना कशाला मारता? नूतनताईंनीच सांगितलं होतं, शपथ घातली होती.’

हो. माझी नूतन. रेसच्या सकाळी माझ्यासाठी दशम्या बांधल्या, देवापुढे दिवा लावला, आणि भावाला सांगितलं — ह्यांची हवा टणक कर. तिचे वडील असेच कामासाठी लांब गेले ते परत आलेच नाहीत, मला माहितीये ते. पण अगं, मला सांगायचं ना! रडायचं, भांडायचं, पाय धरायचे — थांबलो असतो मी. म्हणजे... नसतो थांबलो कदाचित. पण तोंडावर बोलायचं! भावाच्या हातून माझ्या चाकात काय भरलंस? जिच्या हातचं डोळे मिटून खातो, तिने —

जाऊ द्या. मी लूम सोडला, इथे डिंडोलीत हे दुकान टाकलं. गोपालशी बोलत नाही. नूतनला वाटतं, रेसमध्ये मागे टाकून गेला म्हणून. मला कळलंय हे तिला कळू द्यायचं नाही, असं जयश्रीला बजावलंय. आणि गंमत ऐका — यंदा परत ती रेस आहे, तर परवा मला म्हणते कशी, ‘जा ना मंग, तुमले कोनी धरी ठेयेल शे?’ कुणी धरून ठेवलंय, असं आता म्हणते! आता वय उलटलं, आता कोण नेतंय मला! हसत म्हणाली हो. मीही हसलो.

अं? हो, तीच हाक मारतेय, मागेच घर आहे आमचं. चहा झालाय म्हणते, पाहुण्यांनाही थांबव म्हणते. नाही, तुम्ही थांबू नका. टायरचं उद्या बघू, सायकल राहू द्या इथेच. ती विचारेल, एवढा वेळ काय बोलत होता म्हणून — आणि तुम्हाला खोटं बोलता येत नाही, चेहऱ्यावर दिसतंय तुमच्या. मला येतं आता. निघा तुम्ही.

आलो गं!