राईतला पाचोळा

१९७९ साल. दापोडीच्या थांब्यावर भीमाशंकरच्या एसटीची वाट पाहत होते. माझ्यापुढे आमच्या आळीतले विलासराव आणि त्यांच्या कंपनीतले शौकतभाई उभे होते.

"शौकतभाई, पिशवी कुठंय? बी वेचायला यायचं ना देवराईत?"

"तुम्ही जा राव. मी नुसता सोडायला आलोय."

"अजून तेच मनात?"

"मागच्या खेपेला मी मशीनखालचा कचरा काढावा तसा राईतला पाचोळा झाडला आणि पेटवला. रोपांसाठीचं सगळं बी त्यातच होतं! राई राखणारी सोजरबाई नुसती राख चिवडत बसली. कुठल्या तोंडानं जाऊ?"

"ती विचारत होती."

"काय?"

"'त्यो झाडूवाला का न्हाई आला? बी अजून झाडावर हाय म्हनावं, पडंल तसं येचाया मानसं कमी पडत्यात.'"

"झाडूवाला म्हणाली?"

"हसून म्हणाली."

"...विलासराव, माझंही तिकीट काढा."

सोजरबाई दोन वर्षांनी वारली. विलासराव थेरगावला राहायला गेले. शौकतभाईंनी निवृत्तीनंतर राईजवळच्या वाडीत खोली घेतली. मी त्या दिवशी माहेरी, खेडलाच उतरले. राई अजून पाहिलेली नाही.