दारावरची गर्दी

तुम्ही हसाल, पण त्या सकाळी मी एकाच पायात चप्पल घालून धावलो होतो.

आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, पाकिस्तानातून आलेलं एक सिंधी कुटुंब नवीनच राहत होतं. खोली मीच पाहून दिली, गॅस, पोरांची शाळा, जमेल तेवढं करत होतो. त्यांच्या सुनेचा फोन आला.

"काका, भीड़ आ गई है. दरवाज़ा पीट रहे हैं. अम्मा कहती हैं, फिर निकलना पड़ेगा."

अम्मा म्हणजे तिची सासू. तिकडे असाच जमाव दारावर आला, म्हणून तर ते लोक घर सोडून निघाले होते.

बायको ओरडली, "काहून धावून राहिले?" सांगायला थांबलो नाही.

पोचलो, आणि जीव भांड्यात पडला. दारात पाऱ्यातली पोट्टी-पोट्टे, हातात पिशव्या, "छेरछेरा! छेरछेरा!" पौषाच्या पुनवेला इथं लेकरं घरोघर धान मागतात. सिंधहून आलेल्यांना ते काय माहीत?

मी खिडकीतून म्हटलं, "अम्मा, खोलो. बच्चे हैं, चावल माँगने आए हैं."

"हमसे? हमसे कौन माँगेगा?"

"मोहल्ले में सबसे माँगते हैं. आप भी मोहल्ले की हो."

कडी निघाली. डबा रिकामा होईपर्यंत अम्मा मुठी भरभरून तांदूळ वाटत राहिली. डोळे पुसायलाही थांबली नाही.

दुपारी माझ्याच दाराशी हाक आली, "छेरछेरा!"

पाहतो तर अम्मा, पिशवी पसरून उभी.

"भैया, चावल तो सब बँट गया. मोहल्ले की हूँ ना? डालो."