रातभर जागणारा हिरो

माणसानं थकावं गड्याहो, पण झोपेचं सोंग घेऊ नये.

आमच्या मुकुटबनकडं रानडुकरायचा तरास तं तुम्हाले माहीतच आहे. परवा सकाळी तुरीच्या वावरात राखणीची जागल करून घरी आलो. रातभर डुकरं हाकलून घसा बसला होता. चहा बी न घेता बाजेवर आडवा झालो. आमची पोट्टी आहे अकरावीत, तिले प्रेमाच्या कादंबऱ्यायचं भारी वेड. भाजी निवडणाऱ्या मायले ती एक कादंबरी वाचून दाखवत होती.

"आई, यातला हिरो पाह्य ना! पोरीच्या खिडकीकडं पाहत रातभर जागते."

बायको म्हणे, "मंग सकाळी कामाले कसा जाते?"

"हिरोले काम नसते वं! तो फक्त जागते. म्हणून तं पोरीयले आवडते."

मी मनात म्हटलं, घ्या! आपण तुरीले फूल आल्यापासून जागून राह्यलो, आपल्याले कोणी हिरो म्हटलं काय?

तेवढ्यात पोट्टीनं विचारलं, "आई, तुले कसा हिरो आवडला असता?"

मी डोळे मिटलेलेच ठेवले, पण कान टवकारले. लग्नाले इतके वर्स झाले, हे विचारायची आपली कधी हिंमतच न्हाई झाली.

बायकोनं निवडलेली भाजी बाजूले सारली. मंग हळूच म्हणे, "मले बाई, रातभर घरी झोपणारा पाह्यजे होता. तुहा बाप तिकडं वावरात जागते, अन् इकडं मले डोळा लागत न्हाई."

झालं! रातभर डुकरायनं जागवलं, अन् दिवसा हिनं.