मावशींनी पाठ फिरवली

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. पेटीवाले अण्णा, तुम्हीही हात थांबवा — नाहीतर मी बोलायला लागलो की तुम्ही मागून सूर देता आणि मला वाटतं मी गातोय! आज एक प्रश्न विचारायचाय. उत्तर मोठ्यानं देऊ नका, घरी भांडणं होतील. मनातल्या मनात द्या.

तुमचं लेकरू. पोटचं. ते दुसऱ्या कुणाच्या कडेवर बसून खळखळून हसलं — तुमच्याकडे बघितलंसुद्धा नाही — तर तुम्हाला बरं वाटतं, की पोटात काहीतरी हलतं?

बघा, बायकांच्या बाजूला एकदम शांतता झाली. पुरुष हसतायत. हसू नका हो! लेकरू मामाच्या खांद्यावर चढतं तेव्हा तुमचे चेहरे कसे होतात ते मी पाहिलंय.

आता जो गोकुळात वाढला, तो जन्मला कुठं? एका आईनं जन्म दिला, दुसरीनं लोणी भरवलं. पण देवाची गोष्ट राहू द्या. देवाचं म्हटलं की तुम्ही माना डोलावता आणि घरी जाऊन आहे तेच करता. आज तुम्हाला सांगलीची गोष्ट सांगतो.

सांगलीत एक जोडपं. नवरा देवदत्त, बायको संज्योत. देवदत्त हळदीच्या बाजारात. अडत्याकडे कामाला. काम काय? पोत्यात हात घालायचा, चिमूटभर माल काढायचा, वास घ्यायचा, एक हळकुंड मोडून बघायचं — आणि सांगायचं, हा माल कुठल्या प्रतीचा. अख्खं पोतं उपसायची गरज नाही. चिमटीत पोतं कळतं! बाजारात त्याचा शब्द चालायचा. म्हणून त्याला वाटायला लागलं की जगातलं सगळंच चिमटीत कळतं. ही सवय लक्षात असू द्या, हिनंच पुढं घात केलाय.

संज्योत प्राथमिक शाळेत शिक्षिका. पहिलीचा वर्ग. दुसऱ्यांची लेकरं दिवसभर हिच्या पदराला लोंबकळायची. कुणाचं नाक पूस, कुणाची चप्पल सरळ कर. एखादं पोर तर घरी जाऊन सांगायचं, "मला आईचा डबा नको, बाईंच्याच हातानं जेवणार." हिला त्याचं केवढं कौतुक वाटायचं!

आणि यांचं स्वतःचं लेकरू म्हणजे ओजस. वर्षाचं व्हायला आलेलं. सासूबाई गावाकडं, सासऱ्यांच्या आजारपणात अडकलेल्या. शाळा उघडायचा दिवस जवळ आला. मग काय? पाळणाघर शोधा!

अहो, मुलीला स्थळ बघताना करत नाहीत इतकी चौकशी. पहिलं पाळणाघर गारेगार, भिंतीवर इंग्रजी अक्षरं. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "आम्ही बाळाच्या मेंदूचा विकास करतो." बाळानं तेवढ्यात मॅडमचं कार्ड तोंडात घालून निम्मं खाल्लं. विकास सुरू झालाच होता! दुसऱ्या ठिकाणी सगळी मुलं कशी शांत, एका रांगेत बसलेली. संज्योत म्हणाली, "किती शिस्त आहे." देवदत्तनं भिंतीपलीकडं डोकावून बघितलं, तर समोर भला मोठा टीव्ही. आपल्या कीर्तनाला कुणी इतकं तल्लीन होऊन बसत नाही हो!

आणि मग सापडल्या सिंधूमावशी. विश्रामबागेत तळमजल्यावर घर. साठीच्या बाई, मुलगा परदेशी, नवरा वारलेला. घरात शहाबादी फरशी, फरशीवर पातेली, चमचे, डबे आणि त्यांच्यात सात-आठ पोरं. स्वयंपाकघरातून तूप-मेतकूट-भाताचा वास. मावशींनी ओजसकडं बघून नुसते हात पुढं केले. आणि ओजस गेला की! आईच्या कडेवरून सरळ मावशींच्या कडेवर. मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

देवदत्त बाहेर आल्या आल्या म्हणाला, "झालं काम. हेच बरं."

संज्योत म्हणाली, "मला नाही पटत."

"का?"

"जिना उंच आहे."

"तळमजल्यावर आहे अगं."

"मग रस्त्याला रहदारी फार आहे."

बायांनो, तुम्हाला कळलं ना, जिना कुठं होता? जिना पोटात होता. लेकरू पटकन गेलं, हेच खुपलं होतं तिला. रडलं असतं, पदर घट्ट धरला असता, तर मावशी लगेच पसंत पडल्या असत्या!

पण शाळा उघडली. दुसरं काही मिळेना. शेवटी मावशींकडंच ठेवलं. पहिल्या दिवशी पिशवी देताना संज्योतनं तिचा बंद सोडलाच नाही. ती म्हणाली, "मावशी, आमच्याकडं एक रीत आहे. लेकरानं पहिलं पाऊल टाकलं की आईनं आपलं लुगडं पायघडीसारखं अंथरायचं, त्यावरून त्याला चालवायचं आणि आळीत गूळ वाटायचा. माझ्या सासूबाईंनी यांच्यासाठी केलं होतं. मी शाळेत असेन हो. माझ्या नशिबी ते पाऊल नाहीच."

मावशी यावर काय म्हणाल्या असतील? "बरं," म्हणाल्या, पिशवी घेतली आणि ओजसचं नाक पुसलं.

दिवस गेले. ओजस बाळसं धरायला लागला. सकाळी मावशींचं दार दिसलं की हसायचा. संध्याकाळी आई न्यायला आली की मावशींच्या पदराचं टोक सोडायचा नाही. संज्योत वरून हसायची. घरी आल्यावर मात्र देवदत्तला म्हणायची, "याचं नख वाढलंय. लक्ष नाही त्यांचं." एक दिवस म्हणाली, "भात फार मऊ करतात." तुम्हीच सांगा, दोन दात आलेल्या पोराला काय, पुलाव घालायचा?

आता ऐका. एक दिवस दुपारी देवदत्त बाजारातून लवकर सुटला. घरी जाता जाता मावशींच्या फाटकाशी थांबला. म्हटलं, बघू तरी. आत ओजस खुर्चीचा पाय धरून उभा होता. त्यानं हात सोडला. डुलला, सावरला आणि आता पाऊल उचलणार — तेवढ्यात मावशींनी झडप घालून त्याला उचललं आणि कडेवर घेतलं! थोड्या वेळानं खाली ठेवलं. पोरगं परत उभं राहिलं, परत हात सोडला. मावशींनी परत उचललं. बाकीची पोरं घरभर पळतायत आणि याच्याच पायांना बंदी!

देवदत्तनं चिमूट बघितली. पोत्याचा भाव ठरवून टाकला. आत गेला नाही, विचारलं नाही, तडक घरी.

संध्याकाळी बायकोला म्हणाला, "त्या बाई त्याला चालू देत नाहीत. एका जागी बसलेलं पोर सांभाळायला सोपं ना!"

संज्योतला राग आला. भयंकर राग आला. पण मंडळी, खोटं कशाला सांगू? त्या रागाच्या तळाशी थोडासा आनंदही झाला. सापडलं! मावशींचं काहीतरी चुकतंय, हे सापडलं! आपण सगळे असेच आहोत हो. ज्याच्यावर आपण जळतो त्याचं व्यंग सापडलं की आपल्याला कसं गार गार वाटतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. शाळा सकाळची. दुपारी दोघं नवरा-बायको मावशींच्या दारात उभे राहिले. संज्योत म्हणाली, "मावशी, सोमवारपासून ओजस येणार नाही."

मावशी भात कालवत होत्या. हात तसाच राहिला. "का गं? माझं काही चुकलं का?"

देवदत्त म्हणाला, "काल मी फाटकातून बघितलंय सगळं. तो उभा राहिला की तुम्ही त्याला उचलता. पायांत बळ कसं यायचं त्याच्या?"

मावशींनी हात धुतला. पदराला पुसला.

"बुधवारपासून पाय शिवशिवतायत त्याचे," त्या म्हणाल्या. "म्हटलं, चार दिवस कळ काढावी. रविवारी तुम्ही दोघं घरी असता. तिथं टाकू दे पाऊल, तू लुगडं अंथर. तूच म्हणाली होतीस ना, माझ्या नशिबी नाही म्हणून? तीन दिवस कडेवर घेऊन माझी कंबर राहिली नाही बघ."

देवदत्तनं मान खाली घातली. पण संज्योत! तिचा राग एवढ्या लवकर कसा उतरेल? राग खोटा ठरला की माणूस जास्त रागावतं. ती म्हणाली, "मग मला सांगायचंत."

"सांगितलं असतं तर तू शाळा बुडवून इथं येऊन बसली असतीस," मावशी म्हणाल्या. "आणि तुला कळलं असतं, की तो इथं उभा राहिला, तुझ्याआधी मी बघितलं. ते लागलं असतं तुला."

एवढं बोलणं चाललंय, आणि ओजस कुठाय? तो खुर्चीचा पाय धरून उभा! मोठ्यांच्या भांडणात लेकरांचं फावतं. त्यानं हात सोडला. सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या.

आता चित्र डोळ्यांपुढं आणा. एका बाजूला आई. दुसऱ्या बाजूला मावशी. मध्ये हे डुलणारं पोर. त्यानं कुणाकडं बघितलं? सांगायला जड जातं, पण बघितलं मावशींकडं. हात पुढं केले ते मावशींकडं. रोज त्याच तर उचलून घेत होत्या. त्यानं पाऊल उचललं. संज्योतला कळून चुकलं, की हे पाऊल आपलं नाही.

आणि मावशींनी काय केलं माहितीये?

त्यांनी पाठ फिरवली. सरळ भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. लेकरू "मा… मा" करतंय, आणि बाई हलत नाही. हात पदरात घट्ट गुंडाळून घेतले, न जाणो आपोआप पुढं झाले तर!

ओजस गोंधळला. त्याचा ओठ बाहेर आला. उचललेला पाय परत खाली टेकवला. हाताखाली खुर्ची होती, तिला धरून तो वळला. मागं आई फरशीवर बसलेली. कधी बसली, तिलाच कळलं नव्हतं. हात पसरलेले. ओजसनं खुर्ची सोडली, आणि चालला. झोकांड्या खात, फेंगडा, पातेल्याला धक्का देत चालला, आणि आईच्या अंगावर जाऊन पडला.

मावशींची पाठ अजून तशीच. भिंतीकडं बघतच त्यांनी विचारलं, "पडला का गं?"

"नाही मावशी," संज्योत म्हणाली. "चालला."

"तुझ्याकडंच आला ना?"

"हो."

"मग आता वळू का मी?"

मंडळी, प्रश्न नीट ऐका. ज्या बाईनं त्या लेकराच्या आयुष्यातलं पहिलं पाऊल, आपल्या दिशेनं निघालेलं, आपण बघायचंसुद्धा नाही म्हणून भिंतीकडं तोंड केलं, ती बाई आता परवानगी मागत होती. संज्योत उठली. ओजसला मावशींच्या पाठीशी जमिनीवर उभं केलं. म्हणाली, "वळा मावशी. तो तुमच्याकडं यायला निघालाय." आणि लेकराच्या पाठीवरचा आपला हात तिनं स्वतः काढून घेतला.

पोरगं गेलं. मावशींनी उचललं, आणि त्या वेळेला त्याच्या मानेत तोंड खुपसून मनसोक्त रडल्या. पोर हसत होतं. आणि आई बघत होती, आणि तिच्या पोटात काही हललं नाही!

आता इथं बसलेल्यांनो, तुमचं काय? ज्या सासूबाईंचा लेक हल्ली बायकोच्या हातचंच मागतो, त्या तिसऱ्या रांगेत बसल्यात. मी बघत नाही तिकडं! पण माउली, कधी एकदा म्हणून बघा, "जा, तिला विचार, तीच छान करते." आणि तरुण आयांनो, संध्याकाळी लेकराची पिशवी खांद्याला लावून तुम्ही गाडीकडं पळता. दार लावणाऱ्या बाईचं तोंड शेवटचं कधी बघितलंत? जीव लावणं काही अवघड नाही मंडळी, मांजरसुद्धा लावतं. ज्याला जीव लावला, तो आपल्याकडं हात पसरून येत असताना त्याला त्याच्या माणसाकडं वळू देणं, याला छाती लागते.

आणि शेवटचं. आपल्यावर प्रसंग आला की आपण काय म्हणतो? देवानं पाठ फिरवली! किती हाका मारल्या, वळून बघत नाही. अहो, पण तुम्ही मागं बघितलंत का? कुणी भाऊ असेल, कुणी शेजारी असेल, तुम्हीच अबोला धरलेली एखादी बहीण असेल — जमिनीवर बसून, हात पसरून वाट बघत असेल. तुम्ही तिच्याकडं जावं म्हणून तो विठोबा हात कमरेला घट्ट धरून उभा आहे. आधी तिकडं जा. मग त्याला हाक मारा. तो तर कधीचा विचारतोय, "आता वळू का?"

अण्णा, द्या सूर.