उपासाला चालणारा डबा

टाळ जरा खाली ठेवा. विणेकरी, तुम्ही उभेच राहा, पण डोळे उघडे ठेवा. आज गोड काही नाही. आज एकच प्रश्न आहे — आणि तो मी हात जोडून नाही, बोट दाखवून विचारणार आहे!

सोळा वर्षांचं पोरगं. सकाळी उठलं की गालात पुडी. दुपारी चिप्सचं पाकीट. शाळा सुटली की तो फसफसणारा, जोर आणणारा डबा, एनर्जी ड्रिंकचा. आणि झोप? झोप मोबाइलनं खाल्ली! अशा पोराला "थांब" म्हणायचं कुणी? कुणाचं काम आहे ते?

बोला ना! आईचं? बापाचं? मास्तरचं? — कोण म्हणालं 'सरकारचं'? त्या खांबाजवळून आवाज आला. बसा काका, बसा. सरकार येणार आहे का तुमच्या नातवाचं तोंड हुंगायला?

हसू नका. पुढं हसू येणार नाही.

मंडळी, ऐका. कोरडेवाडी नावाचं गाव. गावात बालाघाट मित्र मंडळ. दरवर्षी घटस्थापनेला तुळजापूरहून ज्योत आणायची — पायी! मशाल पेटवायची आईच्या दारात, आणि एकशे दहा किलोमीटर पळत गावात आणायची. एक पळतो, दमला की दुसरा हातात घेतो. मागं टेम्पो, टेम्पोत बाकीची पोरं. अनवाणी पळायचं. आणि ज्योत पेटल्यापासून घट बसेपर्यंत उपास! धान्याचा कण तोंडात घ्यायचा नाही. वाडवडिलांची रीत. रीत वाईट नाही हो! वाडवडील सोबत शेंगदाणे न्यायचे, रताळी न्यायचे, वाटेत लोक ताक द्यायचे.

ह्या पोरांनी काय नेलं? डबे!

मंडळाचा अध्यक्ष बबन शेटे. त्याचं चौकात दुकान. त्यानं खोकीच्या खोकी टेम्पोत चढवली. "घ्या रं पोरांनो, माझ्याकडनं! देवीचं काम हाय." काळा डबा, वर वाघाचं तोंड. पोरं म्हणाली, "वाघ हाय, आईचं वाहनच की!" झालं! डब्याला धर्माची मान्यता मिळाली!

पण एक पोरगं जरा शंकेखोर होतं. यशराज लोमटे — गाव त्याला यशा म्हणायचं. अकरावीत. पळण्यात पहिला नंबर. त्याला पोलीस व्हायचं होतं. तालुक्याच्या मैदानावरचे शिपाई बघून आला होता आणि तेव्हापासून दंडाची बेटकुळी मोजायचा. हा यशा डबा घेऊन आला, ज्योत आणायला निघताना ज्या महाराजांच्या हातून नारळ फोडायचा होता, त्या महाराजांकडे. म्हणाला, "महाराज, ह्यो डबा उपासाला चालतो का?"

महाराजांनी डबा हातात घेतला. फिरवून फिरवून पाहिला. "धान्य आहे का यात?" "न्हाई." "मीठ?" "न्हाई, गोड हाय." "मग चालतो!"

चालतो!

त्या पोराचे हात तेव्हा थरथरत होते, मंडळी. डोळ्यांखाली काळं होतं. महाराजांनी ते पाहिलं. पाहिलं आणि नारळ फोडला. उपास मोडेल का एवढंच विचारलं ना त्यानं? तेवढंच सांगितलं! पोरगं मोडेल का, हे त्यानं विचारलं नव्हतं, आणि महाराजांना सुचलं नाही.

कोण हा शहाणा महाराज म्हणून बघताय इकडंतिकडं? तुमच्यासमोर उभा आहे. मीच तो!

घाला शिव्या. मी घालून घेतल्यात.

आता ऐका. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ज्योत वेशीत आली. ऊन असं की डांबर चिकटत होतं. हलगी, गुलाल, टेम्पोवर कर्णे — सगळा गाव वेशीत! शेवटचा टप्पा कुणाचा? यशाचा. मशाल घेऊन आला. पळत आला. वेशीच्या दगडापाशी थांबला... आणि थरथरायला लागला.

साधं थरथरणं नाही हो. नखापासून केसापर्यंत! दात वाजतायत, डोळे वर गेलेत, अंगाला घाम — आणि छाती अशी उडतेय की गळ्यातली माळ नाचतेय! मशाल दुसऱ्यानं झेलली. यशा गुडघ्यावर बसला आणि घुमायला लागला.

आता तुम्ही सांगा. असं पोरगं तुमच्या दारात पडलं तर काय कराल? पाणी द्याल? सावलीत घ्याल? दवाखाना?

कोरडेवाडीनं काय केलं?

बबन शेटे ओरडला, "अंगात आली! आई आली! उदो बोला!" आणि गाव ओरडला — उदो, उदो! हलगीवाल्यानं हलगी दुप्पट केली. बायकांनी पदर पसरले. नारळ फुटायला लागले. हळदीकुंकवानं पोराचं तोंड इतकं माखलं की त्याला श्वास घ्यायला नाक सापडेना!

आणि प्रश्न! एकजण विचारतोय, "आई, बोअरला पाणी लागंल का?" दुसरी विचारते, "आई, पोरीचं यंदा जमंल का?" अरे, त्याला त्याचा श्वास जमत नाहीये! आणि तुम्ही त्याच्याकडं सोयरीक विचारताय!

बाप होता तिथं. भागवत लोमटे, दूध डेअरीवर कामाला. छाती फुगवून उभा. शेजाऱ्याला म्हणतोय, "एवढ्या पोरांत आमच्याच पोराला निवडलं आईनं." आणि आई? मंदाबाई. तिनं ताट आणलं, खण-नारळ आणला आणि स्वतःच्या पोराची ओटी भरली. स्वतःच्या पोराच्या पायावर डोकं ठेवलं!

बबननं हात जोडून विचारलं, "आई, काय पाहिजे तुला? माग."

यशाच्या तोंडातून शब्द आला, "डबा... गार डबा..."

मंडळी, त्यांनी डबा आणला. त्याला कुंकू लावलं. त्याच्यापुढं उदबत्ती ओवाळली! आणि नैवेद्य म्हणून त्याच्या तोंडात ओतला!

दहावा होता तो. कालपासून आधीच नऊ पोटात गेले होते. ते नंतर कळलं. देवाशपथ सांगतो, मी तिथं उभा होतो. आणि माझे हात जोडलेले होते!

एक बाई गर्दी फाडत आली. शकुंतला ओव्हाळ, गावची आशाताई. आशाताई म्हणजे घरोघर जाऊन बाळंतिणी आणि लेकरं तपासणारी. गाव तिला लसीपुरतं ओळखतं. ती आली ती थेट यशाजवळ बसली आणि मनगट धरलं.

"ए शकू, हात काढ! देवीच्या अंगाला हात लावतीस? चप्पल तरी काढ!"

तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. नाडी मोजतेय. म्हणाली, "हलगी बंद करा. मला मोजता येईना. ह्याची नखं बघा कशी निळी पडलीत."

भागवत पुढं आला. "शकूताई, मागं सर. आईचा कोप होईल गावावर."

तेव्हा ती बोलली. ते वाक्य मी विसरलो नाही. म्हणाली, "भागवतदादा, देवी असंल तर मला शाप देईल, एकटीला. पोरगं असंल तर तुमच्या सगळ्यांच्या नावानं जाईल. सरा बाजूला!"

सरले का? कशाचे सरतायत! दोघांनी तिला दंडाला धरून उठवलं. कोण वाचवणार आता? गाव देवीला नमस्कार करतोय आणि देवीच्या नावाखाली पोरगं मरतंय!

मग काय झालं? चमत्कार झाला? घंटा आपोआप वाजली? नाही. पोरानं चड्डीत मुतलं.

तोंडं वाकडी करू नका! असंच झालं ते. मंदाबाईचं डोकं पुन्हा त्याच्या पायावर होतं. तिच्या कपाळाला ओलं लागलं. तिनं डोकं उचललं, हात लावला, वास घेतला... सोळा वर्षांपूर्वी धुतलेली लंगोटी आठवली तिला. ती ओळखते तो वास! ताट भिरकावलं आणि अशी किंचाळली, "देवी मुतत नसती! माझं लेकरू हाय ते! बंद करा ती हलगी! बंद करा रं मुडद्यांनो!"

हलगी थांबली. आणि थांबल्यावर कळलं की यशाची छातीही थांबत आलीये.

शकूताईनं पोराला आडवं केलं, छाती दाबायला लागली. टेम्पोवरचे कर्णे लोकांनी लाथेनं खाली पाडले आणि पोराला टेम्पोत घातलं. बावीस किलोमीटर तालुक्याचं गाव. बावीस किलोमीटर ती बाई टेम्पोत गुडघ्यावर बसून छाती दाबत होती. मंदाबाई त्याच्या तोंडावरचं कुंकू पदरानं पुसत होती — जे तिनंच लावलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, तरुण. पोराला आत घेतलं. झटके दिले, हृदय परत चालू केलं. मग बाहेर आल्या. बाहेर कोण? आख्खी कोरडेवाडी! तीन जीपा भरून लोक. डॉक्टरीणबाईंनी एकच प्रश्न विचारला —

"कालपासून ह्यानं काय खाल्लंय?"

आता टोलवाटोलवी बघा!

बाप म्हणाला, "उपास होता." "उपासाला काय खाल्लं?" बाप आईकडं बघतोय. आई म्हणाली, "ह्यो टेम्पोत होता की." मंडळाकडं बघतेय. मंडळ बबनकडं बघतंय. बबन चपलेकडं बघतोय!

शकूताई खाली गेली. टेम्पोतले रिकामे डबे पिशवीत भरून आणले आणि डॉक्टरीणबाईंपुढं ओतले. खणखण आवाज झाला. सोबतच्या पोरांना विचारून आली होती: ह्यातले नऊ एकट्या यशाचे, आणि दहावा आपण पाजलेला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ह्याच्या हृदयात आधीपासून दोष असावा. शाळेत तपासणी झाली नाही?"

झाली की! कागदावर! वर्गशिक्षक साबळे सर तिथंच होते. त्यांचं तोंड उतरलं. त्यांनी मागच्या वर्षीचं वजन ह्या वर्षीच्या कार्डावर उतरवलं होतं आणि पुढं लिहिलं होतं 'निरोगी'. मग सुरू झाली वाटावाटी! सर म्हणाले, "पहिल्या तासाला रोज बाकावर डोकं ठेवून झोपायचा. मला वाटलं, घरचे बोलतील." बाप म्हणाला, "खाटंखाली डबे दिसायचे. मला वाटलं, शाळेत सांगत असतील." बबन म्हणाला, "चार महिनं रोज न्यायचा. मी इकणारा माणूस, मी कसं बोलू?" आणि सगळ्यांनी मान वळवली माझ्याकडं. "महाराज, तुम्ही तर चालतो म्हणाला होता!"

शास्त्रात बसवू का ते? मी त्या फरशीवर बसलो, मंडळी. ज्या माणसाला ओव्या पाठ आहेत, त्याला एका पोराची थरथर वाचता आली नाही!

बघा, प्रत्येकानं पाहिलं होतं! न पाहिलेला एकही नव्हता. सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांनी बोलायचं काम दुसऱ्याकडं ढकललं. ढकलत ढकलत ते काम कुठं गेलं? दवाखान्याच्या दारात! तिथून पुढं फक्त एक दार असतं.

यशा वाचला. अकरा दिवसांनी घरी आला. पण पळणं गेलं. पोलिसाचं नाव काढत नाही आता. देवळाच्या पायऱ्या चढताना मधल्या पायरीवर बसतो, आणि बसल्यावर लाजतो — सोळा वर्षांचं पोर! बबननं ते डबे विकायचे बंद केले. पुण्यवान झाला का? छे! चार महिने आधी केले असते तर!

मग काम कुणाचं? मघाशी विचारलं होतं, ऐका उत्तर. ज्याला पहिलं दिसलं, त्याचं! नातं विचारू नका. आडनाव विचारू नका. आईबाप जिवंत असोत, सर पगार घेत असोत. तुझ्या डोळ्याला दिसलं ना? मग तोंड तुझंच उघडलं पाहिजे! पोरगं शिवी देईल. देऊ दे. बाप म्हणेल, "तुम्हाला काय करायचंय?" म्हणू दे. शकूताईला काय कमी ऐकावं लागलं? तिला तर हाताला धरून उठवलं!

पटलं? माना डोलावताय. छान. बघूया.

ही मुलगी. हो, तूच गं बाळा, पुढच्या रांगेतली, हिरव्या फ्रॉकची. घाबरू नको, मी रागावलोय ते ह्या मोठ्यांवर. सकाळपासून काय खाल्लंस?

"चिप्स."

आणि?

"...चिप्सच."

आणि रात्री?

मान हलवतेय. काही नाही.

कुणाची ही मुलगी?

थांबा... थांबा! बघा स्वतःकडं! पाचशे माना मागं वळल्या! कुणाची म्हणून शोधायला लागलात! अहो, आत्ता, ह्या क्षणाला, आख्यान कानात असताना तुम्ही तिची आई शोधताय! तिच्या उजवीकडं कोण बसलंय? मावशी, तुम्ही. डावीकडं? तुम्ही. तुम्हाला ऐकू आलं ना ती काय म्हणाली ते?

मग मागं काय बघताय? उठा, मावशी. तुमच्या पिशवीत भाकरी आहे, मला वास येतोय. सोडा ती पिशवी. द्या तिला. तिच्या तोंडात पहिला घास जाईपर्यंत मी पुढचा शब्द बोलणार नाही.