काळा करकोचा आणि मास्तरांची जीभ

मंडळी, ऐका! एक सांगा मला — गोड बातमी माणसाच्या पोटात टिकते का हो? ज्याच्या टिकली त्यानं हात वर करा! ...काकू, हात खाली घ्या! तुमच्या सुनेला दिवस गेल्याचं गावाला कालच कळलंय!

तर पौषातली सकाळ. धरणाच्या पाण्यावर धुकं. नावेत आमचे सोहोनी मास्तर — अंगात तीन स्वेटर, वर माकडटोपी, गळ्यात दुर्बीण! पक्षीच त्यांना बघून घाबरायचे! त्यांच्या पक्षिमित्र मंडळाची रीत अशी — वर्षातून एकदा पक्षी मोजायचे, अन् ज्याला सगळ्यांत दुर्मीळ पक्षी दिसेल त्याला चहाच्या वेळी शाल-श्रीफळ! अकरा वर्षं शाल धारप वकिलांना. मास्तर? अकरा वर्षं टाळ्या!

नावाडीण पारूबाईनं वल्हं थांबवलं. "मास्तर, बांधाच्या आड बघा."

अहाहा! काळा करकोचा! लाल चोच, लाल पाय! पण एक पंख लोंबलेला. कुठून कुठून आलेलं ते पाखरू, पार दमलेलं. मास्तरांचा हात गेला खिशात — फोन!

"थांबा!" पारूबाई म्हणाली. "गेल्या साली असाच पाहुणा उतरला. वकीलसायबांनी गाजावाजा केला — दुपारपातूर वीस गाड्या! फोटोसाठी उडवून उडवून बेजार केला. तिसऱ्या दिशी माझ्या जाळ्यापाशी मेलेला गावला. ह्याचा पंख बरा होईस्तोवर गप ऱ्हावा."

आली का पंचाईत! मंडळी, तुम्ही काय केलं असतं? खरं बोला, देव समोर आहे!

चहाला वकिलांनी विचारलंच, "काय मास्तर, काय दिसलं?"

मास्तरांनी माकडटोपी कानांवर ओढली. "बगळे!"

"किती?"

"पुष्कळ!"

असा हशा पिकला म्हणून सांगू! बाराव्यांदा शाल वकिलांना. मास्तरांनी मुकाट्यानं टाळ्या वाजवल्या. आठ दिवसांनी पारूबाईचा निरोप आला — "पाहुणा उडाला." मास्तर देवासमोर बसून ढसाढसा रडले. आनंदानं हो!

आता तुम्ही म्हणाल, बुवा, तुम्हाला कसं कळलं? अहो, नावेच्या दुसऱ्या टोकाला कुडकुडत मीच बसलो होतो! मास्तरांनी अजून तोंड उघडलेलं नाही, अन् मी आज माईक लावून सांगतोय! धन्य आमची!

धरणाचं नाव मात्र विचारू नका. यंदाही कुणी दमून उतरलं असेल तिथं, निजू द्या त्याला. बोला, हरी विठ्ठल! — अहो तिसऱ्या रांगेतले, नाम घ्या नाम! फोनवर धरण कसलं शोधताय?